वर्तुळाचं प्रकरण

६ जानेवारी

दुपारी गावातल्या विजेच्या लाइनचा न्यूट्रल गेला आणि दाब एकदम वाढला. वर्गातल्या ट्यूब फुटल्या. स्वयंपाकघरात गौरम्माचा मिक्सर जळाला. निजाम सर संगणकाच्या खोलीत होते. मी पोचले तेव्हा ते खुर्चीतच बसलेले होते, हात कीबोर्डवर.

"बोलता बोलता गप झालं," म्हणाले. "मग वास आला."

त्यांचा संगणक बोलतो. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवतो, इतक्या वेगानं की मला त्यातला शब्द कळत नाही. निजाम सरांना जन्मापासून दिसत नाही. आमच्या अंधशाळेत ते गणित आणि संगणक शिकवतात. मी मराठी शिकवते. मला दिसतं, म्हणून बाकीचंही पुष्कळ करते. औषधांवरची तारीख बघते, मुलांचे कपडे उलटे नाहीत ना ते बघते, परिपाठाला पेपर वाचून दाखवते. अपघाताच्या बातम्या गाळते.

ब्रेल प्रिंटर बंद होता म्हणून वाचला. तो ज्या संगणकाला जोडलेला आहे तोच गेला.

"वर्तुळ राहिलं," निजाम सर म्हणाले.

त्यांनी दहावीची भूमिती ब्रेलमध्ये केली आहे. नुसता मजकूर नाही, आकृत्याही. ठिपक्यांच्या रेषा, बोटांनी वाचायच्या. त्रिकोण झाले, पायथागोरस झाला. वर्तुळाचं प्रकरण तयार होतं, छापायचं होतं. यंदा दहावीला तूबा आहे. तिच्यासाठीच घाई चालली होती.

८ जानेवारी

किशनराव सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, तूबाला बोलावून सांगितलं. सराव परीक्षेच्या आधी वर्तुळाचं प्रकरण हातात आलं तर ठीक. नाही आलं तर आकृत्यांच्या प्रश्नांची सवलत घ्यायची. त्याऐवजी दुसरे प्रश्न मिळतील.

"सोपे असतात ते," किशनराव म्हणाले. "मार्क तर मार्कच असतेत. कुणी विचारतंय का, कशाचे हायेत?"

"मी विचारीन की सर," तूबा म्हणाली.

धर्माबादची पोरगी. वडील मिरचीच्या आडतीवर हमाल आहेत. बोलण्यात तिखटपणा तिथूनच आला असावा. मी तिला बाहेर घेऊन गेले आणि म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना, आकृत्या मी तुला सांगेन. ओठ मिटून उभी राहिली. धीर आला असेल.

निजाम सरांनी जळालेल्या मशीनमधून डिस्क काढली. सगळं त्या डब्यात आहे. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुठल्याही संगणकावर फायली काढून घेऊ.

"फायली निघतील," ते म्हणाले. "उघडणार कशात? आकृत्यांचं सॉफ्टवेअर जुनं हाय. कंपनी बंद पडली. सीडीवर ओरखडे. ते आता फक्त ह्या डिस्कवरच्या जुन्या विंडोजमध्ये जिवंत हाय. ही विंडोज हाय तशी उठली पाहिजे. नवी टाकली की संपलं."

१० जानेवारी, शनिवार

लातूरच्या एका बँकेनं त्यांचा वापरलेला संगणक शाळेला दिला. टेम्पोतून आला. किशनरावांनी नारळ फोडला. बँकेनं आतली डिस्क काढून घेतलेली होती. त्यात लोकांचे हिशेब असतात, तसा नियम असतो म्हणे. निजाम सर म्हणाले, "बराबर केलं. आपली डिस्क हाय."

त्यांनी बोटांनी चाचपत डिस्क बसवली. दोन वायरी, चार स्क्रू. मला हात लावू दिला नाही.

मशीन सुरू केलं. विंडोजचं चिन्ह आलं, मग झर्रकन निळा पडदा, मग काळा, मग पुन्हा पहिल्यापासून.

इथं सरांची अडचण अशी की बोलणारा प्रोग्राम विंडोज पूर्ण उठल्यावरच बोलतो. त्याच्या आधी मशीन मुकं असतं. सरांनी खिशातून फोन काढून पडद्यासमोर धरला. फोन वाचून दाखवतो त्यांना. फोन म्हणाला, "निळा आयत."

"वा रे हुशार," सर म्हणाले.

मी म्हटलं, "फोन कशाला सर? मी आहे ना."

त्यांनी फोन खिशात ठेवला. "काय लिहिलंय निळ्यावर?"

"इंग्रजी आहे. लगेच जातंय. नेहमीचंच, विंडोजला अडचण आली वगैरे."

मग त्यांनी एक बटण सारखं दाबायला सांगितलं. वेगळाच पडदा उघडला, मशीनच्या आतल्या सेटिंगचा. त्याला बायोस म्हणतात. डाव्या बाजूला लांब यादी.

"साटा म्हणून काही हाय का बघा. डिस्कचं."

होतं. मी ते उघडलं. उजवीकडे तीन ओळी होत्या, एकीच्या पुढे ठिपका.

"काय हाय त्याच्यात?"

ठिपका होता त्या ओळीत शेवटी 'ऑन' होतं.

"चालू आहे, सर. काही बिघाड नाही."

त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाले, "चला, म्हणजे ते न्हाई." मला बरं वाटलं. दिवसभरात तेवढीच एक चांगली बातमी देता आली.

११ जानेवारी

रविवार असून सर शाळेत. मशीन सुरू करतात, पंख्याचा आवाज ऐकतात, बंद करतात. मी डबा घेऊन गेले. सासूबाईंनी शेंगदाण्याची पोळी केली होती. खाता खाता त्यांना विचारलं, डिस्क चांगली आहे तर ती उठत का नाही?

"मॅडम, धर्माबादच्या मोंढ्यात गेलात कधी? तेलुगू व्यापारी येतो, हमाल मराठी. मध्ये एक माणूस लागतो दोन्ही बोलणारा. तसंच हाय. डिस्क आणि मशीन ह्यांच्यामध्ये एक चिप असती, कंट्रोलर. माल आत-बाहेर सगळा तिच्या हातून. आणि कंट्रोलर एकाच प्रकारचा नसतो. एकाची बोली एक, दुसऱ्याची दुसरी. विंडोज उठताना विचारती, तू कोण? कंट्रोलर आपला नंबर सांगतो. कुणी बनवलं त्याचा एक, कोणत्या प्रकारचा त्याचा एक. मग विंडोज त्या नंबराचा दुभाष्या पुढं करती. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात."

"आणि तो दुभाष्या कुठं असतो?"

"डिस्कवर."

मी घास हातात धरून बसले. "म्हणजे डिस्क वाचायला दुभाष्या पाहिजे, आणि दुभाष्या डिस्कवर?"

"किल्ली घरातच राहिली आणि कुलूप बाहेरून." ते हसले. "रोज ह्या दुनियेत कोटी मशीनं उठतात, त्यांच्यापुढं हेच कोडं असतं."

"मग उठतात कशी?"

"सुरवातीला बायोस हात देतो. थोडं थोडं वाचून देतो. तेवढ्यात विंडोज आपल्याला लागणारे दुभाषे उचलून घेती. मग बायोस हात सोडतो, पुढं तिचं तिनं बघायचं. आता सवाल असा की कोणते उचलायचे? ज्या मशीनवर ती पहिल्या दिवशी बसली, तिथं जो कंट्रोलर भेटला, त्याचाच दुभाष्या ती रोज उठवती. बाकीचे असतात घरात, पण झोपवलेले. कामाशिवाय सगळ्यांना कशाला उठवायचं? जुन्या मशीनमध्ये हे बराबर. नव्यात बायोसनं हात सोडला की हिचा दुभाष्या पुढं होतो, समोर दुसरंच कुणीतरी. डिस्क तिथंच हाय, धडधाकट. पण हिला दिसंना. मग निळं."

"मग त्याला उपाय?"

"कधी कधी बायोसमध्ये सांगता येतं, कंट्रोलरला कोणत्या बोलीत बोलायचं ते. म्हणून तर तुम्हाला काल विचारलं. तुम्ही म्हणालात चालू हाय. म्हणजे ते ठीक. म्हणजे रोग दुसरा हाय."

पोळी त्यांना आवडली. दुसरी घेतली.

१२ जानेवारी

किशनरावांनी नांदेडच्या हनुमंतला फोन लावला. शाळेचे संगणक तोच बघतो. फोन माझ्याकडे दिला, कारण पडदा मी बघितला होता.

"निळं येऊन परत चालू होतंय का, ताई?"

"हो."

"काही लिहून येतंय?"

"काही विशेष नाही."

"मग डिस्क गेली. जुनी असंल. मी पुढच्या सोमवारी येतो, उठती का बघतो, न्हाईतर फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. फायली निघाल्या तर काढू."

निजाम सर शेजारी उभे होते. त्यांनी फोन घेतला. "हनुमंत, कानाला लावून ऐकली मी डिस्क. एकसारखी फिरती. गेलेली डिस्क टकटक करती."

"सर, तुमी डॉक्टर झाले का काय, छाती तपासायला?"

"आकृत्यांचं सॉफ्टवेअर जाईल रे."

"कोणत्या जमान्यातलं सॉफ्टवेअर घेऊन बसला सर. आता एआय हाय. फोटो दावला की सांगतंय वर्तुळ हाय का चौकोन."

"मला वर्तुळ हाय हे कुणी सांगायला नकोय," निजाम सर म्हणाले. "मला ते बोटाखाली पाहिजे."

किशनरावांनी फोन परत घेतला आणि सोमवार पक्का केला. १९ तारीख. त्याच दिवशी तूबाच्या सवलतीचंही बोर्डाला कळवून टाकू म्हणाले.

१४ जानेवारी

संक्रांत. मुलांना तिळगूळ वाटला. दुपारी तूबाला घेऊन बसले. वर्तुळाचं प्रकरण मी छापील पुस्तकातून वाचणार, तिनं ऐकून गणित सोडवायचं. सवलत घ्यावी लागलीच तर निदान ओळख असावी.

मी म्हटलं, "हे बघ, एक वर्तुळ आहे. छान गोल. पौर्णिमेच्या चंद्रासारखं."

"मी चंद्र बघितला न्हाई, मॅडम."

मला शरमल्यासारखं झालं. "बरं, बांगडीसारखं."

"वर्तुळ मला म्हाईत हाय. पुस्तकात काय लिहिलंय?"

"तेच सांगते आहे. एक रेषा त्याला बाहेरून शिवते."

"पुस्तकात 'शिवते' हाय?"

"'स्पर्श करते' आहे. एकच."

"कोणत्या बिंदूत?"

मी बघितलं. बिंदू टी होता. आधी मला तो महत्त्वाचा वाटला नव्हता.

"मॅडम, तुमी लई चांगलं वाचता," तूबा म्हणाली. "आवाज बी चांगला हाय. पण तुमी वाचत न्हाई. तुमी सांगता."

"मी सोपं करून सांगते आहे, बाळा."

"परीक्षेत कोण सोपं करून देणार हाय?"

तिळगूळ तिनं कागदात तसाच बांधून ठेवला. पोरीवर परीक्षेचा ताण आहे. किशनरावांशी बोलायला हवं. सवलत लवकर दिली तर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

१६ जानेवारी

सासूबाईंना लातूरला डॉक्टरांकडे नेलं. गुडघे. हे बिलोलीला नोकरीला, शनिवारीच येतात. त्यामुळे सगळं माझ्यावरच.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. "कुठं दुखतं, आजी?" मी सांगितलं: डावा गुडघा, पायऱ्या चढताना, दोन वर्षांपासून. त्यांनी गोळ्या लिहिल्या.

उदगीर येईपर्यंत सासूबाई बोलल्या नाहीत. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "उजवा बी दुखतोय."

"मग तिथं का नाही सांगितलं, आई?"

"मला इचारलं व्हतं का कुणी?"

डॉक्टरांनी विचारलं होतं. माझ्यासमोर विचारलं होतं. आता वयामुळे लक्षात राहत नाही त्यांच्या.

१७ जानेवारी

निजाम सर थकलेले दिसतात. दाढी वाढली आहे. आज त्यांनी मशीन सुरूच केलं नाही, नुसते पुढे बसून होते. मी म्हटलं, सर, तुम्ही सगळे प्रयत्न केलेत. कोणी तुम्हाला दोष देणार नाही.

"मला दोषाचं काय करायचंय," ते म्हणाले. "मॅडम, मी हे मशीन उघडून पुन्हा जोडू शकतो. आतली कोणती वायर कुठं जाती सांगू शकतो. पण उठायच्या आधी ते जे बोलतंय, ते मला कधी ऐकू आलं न्हाई. ते तुमच्यातूनच येतंय." मग म्हणाले, "तुमच्यातून सगळं येतंय का?"

"म्हणजे?"

"काही न्हाई. उद्या सकाळी या. तूबाला घेऊन या."

तूबाला का, ते कळलं नाही. तिला एकटं वाटू नये म्हणून असेल.

१८ जानेवारी, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते.

सकाळी तिघं बसलो. मी पडद्यासमोर, सर माझ्या उजव्या हाताला, तूबा डाव्या हाताला. सर म्हणाले, "मॅडम, आज एक करा. समजून घेऊ नका. नुसतं वाचा. अक्षर, आकडा, टिंब. कामाचं वाटो न वाटो."

"मी मराठीची शिक्षिका आहे सर. वाचायचं मला शिकवू नका." मला राग आला होता.

"आज तुम्ही शिक्षिका न्हाईत. आज तुम्ही डोळे."

"आणि तूबा?"

"ती ऐकणार. तुम्ही कुठं गाळलं की तिला कळतं. मला कळत न्हाई, मी तुमच्यावर भरवसा ठेवतो."

"मी ठेवत न्हाई," तूबा म्हणाली. "म्हणून बसवलंय मला."

सर हसले. मला हसू आलं नाही.

त्यांनी मशीन सुरू करून एक बटण दाबत राहायला सांगितलं. काळ्या पडद्यावर यादी आली. मी वाचत गेले. एका ओळीत असं होतं की बिघाड झाल्यावर आपोआप पुन्हा सुरू होऊ नये. "तीच," सर म्हणाले. "आता निळं पळून जाणार न्हाई."

निळा पडदा आला आणि थांबला. पहिल्यांदाच मी तो पूर्ण बघितला. वरची इंग्रजी वाक्यं वाचली. व्हायरस असेल तर काढा, नवीन डिस्क जोडली असेल तर तपासा. खाली आकडे होते.

"आणि खाली आकडे आहेत," मी म्हटलं.

"वाचा," तूबा म्हणाली.

"स्टॉप. शून्य, एक्स. मग पुष्कळ शून्यं."

"पुष्कळ म्हणजे?"

मी पडद्यावर बोट ठेवलं, पहिलीतल्या मुलासारखं. शून्यं एकामागून एक म्हटली. "मग सात. मग बी."

निजाम सर खुर्चीत सरळ झाले. "सात बी. परत सांगा."

"सात बी."

"हे पहिल्या दिवशी बी होतं?"

"असेल. लगेच जात होतं. मला वाटलं, नुसते आकडे."

"हे डिस्क गेल्याचं न्हाई, मॅडम. सुरू व्हायच्या डिस्कपर्यंत पोचता येत न्हाई, असं म्हणतंय ते. दुभाष्या चुकलाय. मी म्हणत होतो तेच. आता बायोस."

बायोस उघडलं. साटाची ओळ आली. उजवीकडे त्या तीन ओळी.

"सगळ्या वाचा. वरून."

"पहिली: डिसेबल्ड. दुसरी: ए, एच, सी, आय. तिसरी: आर, ए, आय, डी, ऑन."

"ठिपका?"

"तिसरीपुढे."

"तिसरी परत."

"आर ए आय डी ऑन."

खोलीत पंख्याचा आवाज होता. निजाम सर खुर्चीत मागे टेकले. तूबानं विचारलं, "सर, काय झालं?"

"हे मशीन बँकेचं. तिथं डिस्कची जोडी लावत असतील, म्हणून कंट्रोलर रेडच्या, म्हणजे ह्या आर ए आय डीच्या बोलीत ठेवलेला. आपली विंडोज दुसऱ्या ओळीच्या बोलीत वाढलेली. एएचसीआय. एका ठिपक्याचा फरक." मग माझ्याकडे तोंड केलं. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही काय म्हणाला होता?"

"चालू आहे म्हटलं होतं."

"हाव."

"खोटं नव्हतं ते, सर."

"न्हाई. खरंच होतं," ते म्हणाले. "माझ्या उपयोगाचं नव्हतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी ठिपका दुसऱ्या ओळीवर नेला. लगेच पडद्याच्या मधोमध चौकट उघडली. मी मनात वाचली आणि थांबले.

"मॅडम," तूबा म्हणाली. "चौकट आली का?"

"तुला कसं कळलं?"

"तुमी थांबलात."

मी वाचलं. हे बदललं तर तुमची विंडोज सुरू न होण्याची शक्यता आहे, तुम्हाला नक्की बदलायचं आहे का. जसंच्या तसं वाचलं, पहिल्या शब्दापासून प्रश्नचिन्हापर्यंत. मला सांगायचं होतं की सर, हे करू नका, आहे तेही जाईल. सांगितलं नाही.

"तशी बी कुठं सुरू हाय," निजाम सर म्हणाले. "हो म्हणा."

मी हो म्हटलं.

चिन्ह आलं. मी म्हटलं, "चिन्ह आलं. अजून आहे. अजून आहे. निळं नाही." मग जुन्या मशीनवरचाच पडदा उघडला, तोच हिरवा डोंगर. "डोंगर आला सर!"

"डोंगर सोडा. खाली उजव्या कोपऱ्यात काय येतंय?"

लहान लहान चौकटी येत होत्या, जात होत्या. मी एकेक वाचत गेले: नवीन उपकरण सापडलं. ड्रायव्हर शोधत आहे. तयार आहे. पुन्हा नवीन उपकरण.

"आता ती घरभर फिरून विचारतीय, तू कोण, तू कोण," सर म्हणाले. "नवीन घर हाय. वेळ लागतो. आवाजाची चिप सापडली की बोलंल."

आम्ही वाट बघत बसलो. मी वाचत होते, तूबा पुटपुटत होती, सरांची बोटं टेबलावर. एकदम स्पीकर खरखरला आणि तो घाईचा आवाज आला. मला पहिल्यांदाच त्यातले शब्द कळले.

"रिसायकल बिन."

तूबा हसत सुटली. सरही. दोघं इतकं हसले की गौरम्मा पीठ लागलेल्या हातानं दारात आली आणि काय झालं म्हणून तेलुगूत विचारू लागली.

सरांनी बाण दाबला. आवाज पुढे बोलला. मग ते आणि मशीन भराभर बोलू लागले. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी थोडा वेळ पडद्यासमोर बसून राहिले. मग लक्षात आलं की मी सर आणि मशीन यांच्या मध्ये बसले आहे. उठले.

१९ जानेवारी

हनुमंत नांदेडहून आला. मशीन चालू बघून म्हणाला, "मग मला कशाला येऊ दिलं एवढ्या लांब?"

"चहा प्यायला," निजाम सर म्हणाले.

"केलं काय, सर?"

"मॅडमनी वाचलं."

"एवढंच?"

"एवढंच."

हनुमंतनं माझ्याकडे बघितलं. मी कपबशा गोळा करत होते.

किशनरावांना अजून भरवसा नाही. कागद बाहेर येऊ दे, मग बोलू म्हणाले.

संध्याकाळी सासूबाईंना विचारलं, उजवा गुडघा कुठं दुखतो. त्यांनी दाखवलं. मग खांदा दाखवला. मग झोप लागत नाही ते सांगितलं. पोळ्या करपल्या, पण मी मध्ये बोलले नाही. एवढं सगळं होतं त्यांच्याकडे सांगायला.

२१ जानेवारी

वर्तुळ छापलं. प्रिंटर असा खडखडतो की शेजारच्या वर्गातली मुलं कविता म्हणायची थांबली. जाड कागद ठिपके घेऊन बाहेर येत होता. तूबा यंत्राला टेकून उभी होती. किशनरावही दारात उभे. पहिला कागद फाडून सरांनी तिच्या हातात दिला.

तिनं तो टेबलावर पसरला. दोन्ही हातांनी कडेकडेनं आत गेली. वर्तुळ सापडल्यावर तिचा उजवा हात त्यावरून फिरला, पूर्ण, आणि निघाला होता तिथं परत आला. तिथं जरा थांबला.

"गोल हाय," ती म्हणाली. कुणालाच नाही, स्वतःशीच.

किशनरावांनी घसा खाकरला. "मग सवलतीचं?"

"नक्को, सर."

ते मान हलवून गेले. मला वाटलं, झालं. पण तूबाचा हात कागदावरच होता. कपाळाला आठी पडली.

"सर, ही स्पर्शिका हाय का?"

"हाव. टीमध्ये स्पर्श करती."

"दोन ठिकाणी लागतीय."

"एकाच ठिकाणी. मी स्वतः काढलीय."

"दोन, सर. इथं. आणि ह्या इथं."

निजाम सरांनी आपली बोटं तिच्या बोटांशेजारी आणली. एकदा रेषेवरून गेले. "एकच हाय पोरी. ठिपके जवळ जवळ असतात, तुला दोन वाटतंय."

"तुमी वरून जाऊ नका. आतल्या अंगानं जा."

"दोन वर्षं काढतोय मी हे."

"म्हणून तर तुमाला पाठ झालंय."

दोघांची चार बोटं त्या एका रेषेवर. मी त्यांच्या मागे उभी होते. कागदावर उन्हाची तिरीप होती आणि ठिपक्यांची सावली पडली होती. रेषा आणि वर्तुळ मला स्पष्ट दिसत होतं. मी श्वास घेतला.

"मॅडम, तुमी सांगू नका हां," तूबा मागे न वळता म्हणाली.

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणणार होता."

मी हात मागे बांधले. सर पुन्हा गेले, आतल्या अंगानं, हळू. पुन्हा गेले. मधली सुट्टी झाली, मुलं भिंतीला हात लावत जेवायला गेली, थाळ्यांचे आवाज यायला लागले. दोघं हलले नाहीत. कितीतरी वेळानं निजाम सर म्हणाले, "हाव. दोन."

"मग ही स्पर्शिका न्हाई. वृत्तछेदिका झाली."

"झाली. रेषा जराशी खाली आलीय माझी. दुरुस्त करतो." त्यांनी मान माझ्या दिशेला केली. "मॅडम, तुम्हाला दिसत होतं का?"

"हो."

"कधीपासून?"

"कागद बाहेर आल्यापासून."

तूबा आता वळली. "आणि गप बसला, मॅडम?"

"हो."

"लई अवघड गेलं असंल."

गेलं होतं.